खेळता खेळता सुटलेलं कोडं

मुलं मोबाईलवर खेळताना दिसली की आपण रागावतो. पण सगळे खेळ सारखे नसतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये ‘फोल्डइट’ हा ऑनलाइन खेळ आणला. त्यात प्रथिनाची साखळी वळवून, दुमडून बसवायची. घडी जितकी चपखल, तितके गुण जास्त. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ उलगडत नव्हती. २०११ मध्ये खेळाडूंनी एकमेकांना युक्त्या सांगत तीन आठवड्यांत तिचा नमुना रचला आणि कोडं सुटलं. अशी रचना कळली, की तिला अडवणारं औषध शोधणं सोपं जातं. म्हणून मोबाईल हिसकावण्याआधी शेजारी बसून विचारू या: बाळा, या खेळात पैसे लावायचे, की डोकं?