स्वयंमूल्यमापन, संस्थात्मक

एखाद्या संस्थेने आपली उद्दिष्टे, कार्यपद्धती व फलनिष्पत्ती यांची ठरावीक निकषांच्या आधारे स्वतःच केलेली पद्धतशीर तपासणी. शासकीय तपासणीचा भर मुख्यतः नियमपालनावर असतो. स्वयंमूल्यमापनात प्रत्यक्ष काम करणारेच परीक्षक असतात आणि सुधारणा हे त्याचे प्रयोजन असते.

या पद्धतीच्या प्रसारास गुणवत्ता पुरस्कारांमुळे चालना मिळाली. जपानमधील डेमिंग पारितोषिक (१९५१) व अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेला बॉल्ड्रिज पुरस्कार हे त्यांपैकी प्रमुख होत. पुरस्कारासाठी अर्ज न करताही अनेक संस्था त्यांचे निकष वापरू लागल्या. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या यूरोपीय गुणवत्ता व्यवस्थापन प्रतिष्ठानाच्या मूळ आराखड्यात नऊ निकष व १,००० गुण होते. त्यांपैकी ५०० गुण नेतृत्व, धोरण, मनुष्यबळ इ. साधक घटकांना आणि ५०० गुण प्रत्यक्ष परिणामांना दिलेले होते.

सामान्यतः विविध विभागांतील व्यक्तींचा लहान गट प्रत्येक निकषाबाबत पुरावे गोळा करतो. प्रत्येक जण प्रथम स्वतंत्रपणे गुण देतो व नंतर मतभेदांवर चर्चा होते. या चर्चेतूनच संस्थेची बलस्थाने व उणिवा स्पष्ट होतात. त्यांतील मोजक्या उणिवा निवडून जबाबदारी व मुदत ठरविली जाते आणि काही काळाने फेरतपासणी होते.

क्रिस आर्जिरिस व डॉनल्ड शॉन यांनी १९७८ मधील ग्रंथात शिकण्याचे दोन प्रकार वेगळे केले : चूक दुरुस्त करणे आणि चुकीच्या मुळाशी असलेली गृहीतकेच तपासणे. उदा., महाविद्यालयात प्रथम वर्षाची गळती वाढल्यास जादा तास घेणे हा पहिला प्रकार. नोकरी करून शिकणाऱ्यांना वेळापत्रकच गैरसोयीचे आहे काय, हा प्रश्न विचारणे हा दुसरा प्रकार. धोरण बदलण्याची क्षमता दुसऱ्या प्रकारातून येते.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) उच्च शिक्षणात स्वयं-अध्ययन अहवालाची प्रथा रूढ केली.

तथापि अहवालावर श्रेणी, अनुदान वा प्रतिष्ठा अवलंबून असली, की उणिवा झाकण्याचा मोह होतो व मूल्यमापन कागदोपत्री उरते. म्हणून दोष दाखविणाऱ्यास संरक्षण, पडताळता येण्याजोगा पुरावा आणि निष्कर्षांनुसार कृती या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. त्यांच्या अभावी मिळालेले गुण संस्थेच्या सुधारणेस उपयोगी पडत नाहीत.