बदललेला खांदा नासला तर



गटसभेला बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींत आता गुडघा नाहीतर खुबा बदलून आलेला एखादा तरी असतोच. खांदा बदललेला मात्र क्वचित. बैलगाडीवरून पडून खांद्याच्या गोळ्याचे तुकडे झाले, किंवा सांधा झिजून हात डोक्यापर्यंत जाईना, की डॉक्टर धातूचा खांदा सुचवतात. बहुतेकांचे नीट होते. पण शंभरात एक ते चार जणांच्या नव्या सांध्यात जंतू शिरतात. पुढे काय करायचे हे ठाऊक नसल्याने माणूस मेडिकलच्या गोळ्यांवर महिने काढतो आणि हात गमावून बसतो. माहूर-किनवट भागातून मोठा दवाखाना लांब, म्हणून तर हे आधीच माहीत असलेले बरे. आम्ही काही डॉक्टर नव्हे, उसाची माणसे. तेव्हा सांगणार ते उसाच्याच भाषेत.

ही अडचण खांदा बदलण्याइतकीच जुनी आहे. १८९३ साली पॅरिसमध्ये पेआन नावाच्या सर्जनने क्षयाने खांदा किडलेल्या ३७ वर्षांच्या एका पाव भाजणाऱ्याला प्लॅटिनम आणि रबराचा खांदा बसवला. हात चालू लागला, पण पू काही थांबेना. सुमारे दोन वर्षांनी तो खांदा काढावा लागला. म्हणजे पहिलाच खांदा जंतूंनी घालवला! पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी धातूचा गोळा रुळवला, आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी गोळ्याच्या जागी वाटी व वाटीच्या जागी गोळा असा ‘उलटा खांदा’ आणला. स्नायू फाटलेल्या म्हाताऱ्या माणसाला आज बहुधा हाच बसवतात.

आता गोळ्या का पुरत नाहीत ते पाहू. हंगामात शिळा ऊस आला की रसाच्या पन्हळीत बुळबुळीत थर धरतो, हे मिलवर काम केलेल्यांना माहीत आहे. ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू साखर खाऊन डेक्स्ट्रानचा चिकट पदर विणतो व त्याच्याखाली सुखाने राहतो. वरून औषध ओतले तर वरचे मरतात, खालचे तसेच. थर खरवडून गरम पाणी, वाफ मारावी लागते. धातूच्या खांद्यावर जंतू अगदी असाच पदर धरतात. जिवंत मांसात रक्तातून औषध पोचते. धातूत रक्त कुठले?

खांद्यातला मुख्य चोर म्हणजे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, तोंडावर मुरमे आणणाऱ्यांपैकीच. खांद्याच्या, काखेच्या कातडीत केसांच्या मुळाशी तो मुळातच राहतो, त्यामुळे वरून कितीही धुतले तरी पुरता जात नाही. पुरुषांत त्याचा जोर जास्त. हा फार सावकाश वाढतो. ताप नाही, लाली नाही; नुसता ठणका आणि आखडलेपणा, तोही कधी कधी वर्षानंतर. रक्ताची तपासणीसुद्धा निर्दोष येऊ शकते. म्हणून सर्जन सांध्यातून चार-पाच ठिकाणचे मांसाचे नमुने घेतात आणि प्रयोगशाळेत चौदा दिवसांपर्यंत ठेवतात. दोन-तीन दिवसांत ‘काही निघाले नाही’ म्हणून फाईल मिटवणे बरोबर नव्हे. नमुन्याआधी प्रतिजैविक पोटात असेल तर जंतू दबतो, सापडत नाही. तेव्हा आपल्या मनाने गोळी सुरू करू नये. मात्र थंडी-ताप आला, जखमेतून पू वाहू लागला, तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे.

उपचार किती दिवस झाले यावर ठरतो. दुखणे काही आठवड्यांचेच असेल तर सांधा उघडून, सडका भाग कापून, भरपूर पाण्याने धुतात; प्लास्टिकचे भाग बदलतात, धातू राहू देतात. पदर पक्का झाल्यावर हे भागत नाही. काणी लागलेले बेट आपण वरून छाटत नाही, मुळासकट काढून जाळतो. तसाच सगळा धातू व जुने सिमेंट काढावे लागते.

मग नवे कधी बसवायचे? एक पद्धत, त्याच वेळी: सगळे धुऊन, हत्यारे-कपडे बदलून नवा सांधा बसवतात. सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळण्याची युक्ती १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी काढली, ती इथे कामी येते. दुसरी पद्धत दोन टप्प्यांची: जुन्या जागी औषधी सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवतात, साधारण सहा आठवडे प्रतिजैविक देतात, आणि जंतू गेल्याची खात्री पटल्यावर कायमचा सांधा. जंतू ओळखलेला, मांस चांगले, तर एका टप्प्यातही काम होते. ओळखच पटली नसेल तर दोन टप्पे सुरक्षित, असे आम्हाला वाटते. निर्णय अर्थात सर्जनचा.

एक गोष्ट खरी की तात्पुरत्या गोळ्यानेच दुखणे थांबते, घास तोंडात जातो, आणि काही जण दुसऱ्या शस्त्रक्रियेला जातच नाहीत. फार थकलेल्या माणसाला तेही चालते. पण मोळी उचलायची, दारे धरायचे असेल तर तो गोळा टिकणारा नव्हे. शरीराला काहीच झेपत नसेल तर सांधा काढून जागा मोकळी ठेवतात; दुखणे कमी होते, हात मात्र लोंबता राहतो.

खांदा बदलायचा बेत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन टाळावे, आणि मधुमेहींनी साखर आटोक्यात आणावी (कारखान्याची नव्हे!). खर्चाचे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे इस्पितळातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. डिस्चार्ज कार्डाबरोबर सांध्याची कंपनी व क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मिळते, ती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. उद्या तो खांदा काढायची वेळ आली तर त्याच बनावटीची हत्यारे मागवावी लागतात, आणि सर्जन पहिल्यांदा तीच चिठ्ठी मागतो.