वाफ एक, भांडी चार!

मुलांनो, गुऱ्हाळात गेला आहात ना कधी? चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर भली मोठी काहील आणि रसातून उठणारे वाफेचे ढग. ती वाफ जाते थेट आभाळात! आणि जाताना केवढी उष्णता घेऊन जाते, पाहा. एक किलो पाणी शून्य अंशापासून उकळीला आणायला 100 किलोकॅलरी लागतात. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540! वाफ पुन्हा थंड झाली की ही उष्णता परत देते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जबर का बसतो, ते कळलं?

आपल्या मानवत-पाथरी भागातला ऊस ज्या साखर कारखान्यांत जातो, तिथे मात्र वाफेला अशी सहजासहजी सुट्टी नसते. बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते. तिथून दमून बाहेर पडली की पहिल्या बंद भांड्यातला रस उकळवते. त्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. पण वाफ तर दर खेपेला जरा थंड होणार, मग पुढचा रस उकळेल कसा? गंमत इथेच आहे! पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी ठेवतात. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं ना, तसंच. शेवटच्या भांड्यात रस साठ अंशांच्या आतबाहेरच उकळतो. एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडतं!

ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू यांची. जन्म 1806, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, आई कृष्णवर्णीय. त्या काळी तिकडे गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका उघड्या कढईतून दुसरीत ओतत. भाजणं नेहमीचंच. रिलियू पॅरिसला वाफेच्या यंत्रांचं शास्त्र शिकले आणि 1840 च्या दशकात त्यांनी या बंद भांड्यांचं पेटंट घेतलं. पळ्यांचं काम वाफेने आणि नळांनी उचललं. (गुलामगिरी संपायला मात्र 1865 साल उजाडलं.)

आता हिशेब करा. वाफ कमी लागली, की चिपाडं कमी जळतात. उरलेल्या चिपाडांवर महाराष्ट्रातले कित्येक कारखाने जास्तीची वीज तयार करून विकतात. शिवाय वाफेचं झालेलं पाणी! उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असतं. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि इथे ते उसातूनच निघतं. बरंचसं पुन्हा कारखान्यातच वापरलं जातं.