हिमप्रदेशातील अंगण आणि काटक झुडपे

अंगणावाचून घर ही कल्पना महाराष्ट्रीय मनाला फारशी मानवत नाही. दारात तुळस असावी, कुंपणाला जास्वंद असावी, सकाळी परडीभर फुले देवाला मिळावीत, एवढीच त्या मनाची अपेक्षा असते. शिकागोच्या उपनगरात एखादे कुटुंब प्रथमच स्वतःचे घर घेते, तेव्हा घरापुढची मोकळी हिरवळ पाहून ही अपेक्षा पुन्हा जागी होते. त्या पहिल्या उन्हाळ्याची कहाणी घरोघर बहुधा सारखीच असते. जूनमध्ये दुकानातून तांबड्या जास्वंदीचे टवटवीत रोप येते. पुण्याहून किंवा सांगलीहून काही महिन्यांसाठी आलेल्या आजीबाई ते मोठ्या हौसेने जमिनीत लावतात. सप्टेंबरपर्यंत रोज एकदोन फुले देवाला मिळतात. मग ऑक्टोबरातील एका रात्री दव गोठते, आणि सकाळी पाहावे तो ते झाड उकडलेल्या भाजीप्रमाणे काळवंडून लोंबत असते. आजीबाईंना वाटते, पाणी कमी पडले. सूनबाईंना वाटते, आपला हातच बागेला लाभत नाही. पुढच्या वर्षी कुणी फावड्याला हात लावीत नाही, आणि हिरवळ ओकीबोकीच राहते.

वास्तविक यात पाण्याचा दोष नसतो आणि हाताचाही नसतो. दोष असतो तो निवडीचा. झाड निवडताना आठवणीला विचारले जाते; विचारावयास हवे ते तेथील हिवाळ्याला. ज्या घरी ही एक गोष्ट उमगते, तेथे बागकामाचा पूर्वानुभव नसतानाही अंगण फुलते.

जास्वंद, मोगरा, पारिजातक ही उष्ण प्रदेशाची लेकरे. त्यांच्या पेशींतील पाण्याचे बर्फ झाले की पेशी फाटतात आणि झाड मरते. उत्तरेकडील काटक झुडपांची रीत निराळी आहे. ऑगस्ट सरता सरता दिवस लहान होऊ लागतात, हीच त्यांना मिळणारी सूचना. त्यांची वाढ थांबते, डहाळ्या टणक होतात, पेशींत साखरेचा अंश वाढतो. थंडी वाढू लागली की पेशींतले काही पाणी बाहेर पडते आणि पेशींच्या मधल्या जागेत गोठते. तेथे ते फारशी इजा करीत नाही. म्हणजे ही झुडपे थंडीला केवळ तोंड देत नाहीत, ती तिची आगाऊ तयारी करतात. काहींना तर थंडी हवीच असते. मे महिन्यात जांभळ्या तुऱ्यांनी व सुगंधाने उपनगरे भरून टाकणारा लायलॅक पुरेसा हिवाळा लाभल्याशिवाय नीट फुलतच नाही. ज्या हिवाळ्याने आजीबाईंची जास्वंद नेली, तोच हिवाळा लायलॅकला फुले देतो.

कोणते झुडूप कोठवर टिकेल, हे ठरविण्यास अमेरिकेच्या कृषिखात्याचा नकाशा उपयोगी पडतो. हिवाळ्यातील नीचतम तापमानाच्या सरासरीवरून त्यात देशाचे १३ झोन पाडलेले आहेत. २०२३ साली या नकाशाची सुधारित आवृत्ती निघाली. तिला १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींचा आधार आहे. शिकागो व त्याची उपनगरे पाचव्या व सहाव्या झोनमध्ये मोडतात. पाचव्या झोनमध्ये नीचतम तापमानाची सरासरी शून्याखाली १० ते २० अंश फॅरनहाइट असते. परंतु सरासरी ती सरासरीच. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा शून्याखाली २३ अंशांपर्यंत उतरला होता, आणि २० जानेवारी १९८५ रोजी तर २७ अंशांपर्यंत. यास्तव नवशिक्याने रोपावरील चिठ्ठी वाचावी, आणि आपल्या झोनपेक्षा एक आकडा कमी असलेले झुडूप, म्हणजे ‘झोन ४’ किंवा ‘झोन ३’ असे लिहिलेले, पसंत करावे. कठीण वर्षी हा एक आकडाच झाड वाचवितो.

थंडीखेरीज आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली माती. या भागातील माती बहुधा चिकण व अल्कधर्मी असते. अझेलिया किंवा ब्लूबेरी यांना आम्लधर्मी माती हवी. येथे त्यांची पाने पिवळी पडतात आणि मालकाचा जीव मेटाकुटीस येतो. दुसरी गोष्ट मीठ. रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून टाकलेले मीठ कडेच्या जमिनीत मुरते व मुळांना जाळते. म्हणून नाजूक झुडूप रस्त्यालगत लावू नये. तिसरी गोष्ट म्हणजे झाडाचे प्रौढ वयातील आकारमान. कुंडीत दोन फुटांचा दिसणारा साधा लायलॅक पुढे १२–१५ फूट वाढतो. तो खिडकीखाली लावला तर जन्मभर कात्री हातात धरावी लागते. बाग कमी कष्टाची व्हावी असे वाटत असेल, तर जागेच्या मापाचे झुडूप निवडणे हाच त्यावरील खरा उपाय होय.

एवढे ध्यानी घेतले म्हणजे निवड अवघड राहत नाही. लायलॅकची आवड असून जागा लहान असेल, तर ‘मिस किम’ ही बेताच्या उंचीची जात घ्यावी. मोगऱ्याच्या वासासाठी जीव आसुसलेला असेल, तर मॉक ऑरेंज लावावा. याची फुले मोगऱ्याची नव्हेत. परंतु जूनच्या संध्याकाळी त्या पांढऱ्या फुलांचा दरवळ आला की ओसरीवर बसलेल्या माणसाला घरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पांढऱ्या फुलांच्या मोठाल्या गेंदांसाठी ‘अ‍ॅनाबेल’ हायड्रेंजिया आहे. हे तर इलिनॉयचेच अपत्य. राज्याच्या दक्षिणेकडील अ‍ॅना या गावाजवळ ते रानात सापडले, आणि गावाच्या नावावरूनच त्याचे नाव पडले. पॅनिकल हायड्रेंजिया त्याहून काटक. तो झोन ३ मध्येही टिकतो, जुलैपासून फुलतो, आणि त्याचे पांढरे तुरे शरदात गुलाबी होत जातात. मात्र दुकानात मन मोहून टाकणारा निळ्या-गुलाबी फुलांचा मोठ्या पानांचा हायड्रेंजिया नवशिक्याने टाळावा. त्याच्या बहुतेक जातींच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर धरतात आणि शिकागोच्या थंडीत गारठून जातात. मग उन्हाळाभर नुसती पाने पाहावी लागतात.

फुलांपलीकडेही शोभा असते. येथील मूळ रहिवासी असलेल्या रेड-ट्विग डॉगवुडची पाने गळून गेली की त्याच्या तांबड्याभडक काठ्या बर्फात उठून दिसतात. अ‍ॅरोनियाला मे महिन्यात पांढरी फुले येतात, पुढे काळी फळे येतात, आणि पानगळीत त्याची पाने लाल होतात. बारा महिने हिरवे काही हवे असेल, तर उन्हाच्या जागी ज्युनिपर लावावे. बार्बेरी व बर्निंग बुश ही दोन झुडपे मात्र दिसावयास सुरेख असली तरी घेऊ नयेत. त्यांचे बी पक्ष्यांमार्फत रानात जाते आणि तेथील मूळच्या वनस्पतींची जागा बळकावते.

आता आजीबाईंच्या जास्वंदीविषयी. तांबडी जास्वंद सोडून देण्याचे कारण नाही. ती तुळशीप्रमाणे कुंडीत लावावी, आणि रात्रीचे तापमान ५० अंशांखाली जाऊ लागले की घरात उन्हाच्या खिडकीशी ठेवावी. पण अंगणात, जमिनीत, बर्फाखाली राहील अशी जास्वंदही आहे. तिला येथे रोझ ऑफ शेरॉन म्हणतात. नावात गुलाब असला तरी कुळ जास्वंदीचेच. तिच्या शास्त्रीय नावाचा आरंभ हिबिस्कस या शब्दानेच होतो. ती मूळची पूर्व आशियातील असून दक्षिण कोरियाचे ते राष्ट्रीय पुष्प आहे. पांढरी, गुलाबी, जांभळट अशी तिची फुले असतात, आणि कित्येकांच्या पोटात गडद तांबडा डोळा असतो. तीच पाच पाकळ्यांची ठेवण, तोच मधला परागदंड. जुलै अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ती फुलते. म्हणजे गणेशचतुर्थी ऑगस्टमध्ये येवो वा सप्टेंबरमध्ये, परडी रिकामी राहत नाही. ती झोन ५ पर्यंत टिकते. शिकागोत ही तिची जवळजवळ सीमाच आहे, म्हणून वाऱ्यापासून आडोसा असलेली, दक्षिणेकडील भिंतीजवळची उन्हाची जागा तिला द्यावी. बी पडून चोहीकडे रोपे उगवतात ही तिची खोड आहे. ‘डायना’ या पांढऱ्या जातीला बी फार थोडे धरते.

मात्र या झुडपाच्या मालकाची वसंतात एक परीक्षा होते. एप्रिल संपतो, लायलॅकला पाने फुटतात, शेजारच्या बागा हिरव्या होतात, आणि रोझ ऑफ शेरॉन वाळक्या काटक्यांप्रमाणे उभीच असते. मे निम्मा सरला तरी तिच्यावर एक पान दिसत नाही. पहिल्या जास्वंदीचा अनुभव ताजा असलेल्या घरात मग फावडे बाहेर निघते, आणि कित्येक जिवंत झाडे अशा वेळी उपटून टाकली जातात. उपटण्यापूर्वी नखाने डहाळीची साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. हे झुडूप जात्याच उशिरा जागे होणारे आहे. मे अखेरपर्यंत किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याला अवधी द्यावा. कडक हिवाळ्यात त्याचे शेंडे वाळले तरी चिंता नाही, कारण फुले नव्या फुटव्यावर येतात.

लागवडीचे नियम थोडेच आहेत. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जमिनीखालील वायूच्या व विजेच्या वाहिन्या कोठे आहेत, याची विनामूल्य खूण करून मिळते. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, पण त्याहून खोल घेऊ नये. सभोवार दोन-तीन इंच लाकडाच्या भुग्याचे वा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. ते खोडाला चिकटू देऊ नये. पहिली दोन वर्षे पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे खोल जात नाहीत. ऑगस्टनंतर खत घालू नये. त्याने कोवळा फुटवा येतो आणि थंडीत तोच प्रथम मरतो. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, म्हणून कोवळ्या झाडाभोवती जाळी उभी करावी. लायलॅक व मॉक ऑरेंज यांची छाटणी फुले सरताच करावी. अ‍ॅनाबेल, पॅनिकल हायड्रेंजिया व रोझ ऑफ शेरॉन यांची हिवाळा सरताना करावी. हा भेद चुकला की कळ्याच कापल्या जातात.

खरेदीपूर्वी एखादी थोर बाग पाहून यावी हे उत्तम. लाईल येथील मॉर्टन आर्बोरेटम १९२२ साली जॉय मॉर्टन यांनी स्थापन केले. गृहस्थ मिठाचे मोठे व्यापारी, पण त्यांची स्मृती जपली ती झाडांनी. तेथे प्रत्येक झुडूप पूर्ण वाढलेल्या रूपात पाहावयास मिळते. लोम्बार्ड गावच्या लायलेशिया उद्यानात मे महिन्यात लायलॅकचा बहर असतो. लहानथोरांनी तो एकदा तरी पाहावा.

पहिल्या वर्षी तीन झुडपे पुरेत. एक वसंतातले, एक उन्हाळ्यातले, एक हिवाळ्यात काठ्या दाखविणारे. तिसऱ्या वर्षापासून ती फारसे काही मागत नाहीत. तोवर आजीबाई कदाचित पुन्हा आलेल्या असतील. भाद्रपदातील एका सकाळी त्या परडी घेऊन बाहेर जातील, भिंतीजवळच्या झुडपापाशी थांबतील, आणि विचारतील की तांबडी नाही का? नाही म्हटल्यावर क्षणभर थबकतील, पाकळ्या उलगडून मधला दांडा पाहतील, आणि म्हणतील, “पण आहे जास्वंदच.” त्या दिवशी गणपतीच्या पायांशी वाहिलेले फूल बाजारातून आणलेले नसेल, ते त्याच मातीत, त्याच बर्फाखाली हिवाळा काढून आलेले असेल.