उपचार संपल्यावरचं मन आणि खिशातला मोबाइल

नागभीड ते नागपूर हे रेल्वेने १०६ किलोमीटर अंतर. या मार्गावरची नॅरोगेजची गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, रुंदीकरणाचं काम सुरू झालं. तपासणीला नागपूर गाठायचं म्हणजे एसटी, नाहीतर कुणाची तरी गाडी, आणि सोबत येणाऱ्याचीही दिवसाची मजुरी बुडालेली. रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेला विशीतला पोरगा हा प्रवास करतो तो रक्त तपासायला. मन तपासायला एवढ्या लांब कोण जातं? म्हणून ‘मोबाइलवर अ‍ॅप आहे, नैराश्यावर घरबसल्या उपचार होतो’ हे वाक्य इकडे फार आधाराचं वाटतं. त्यात तथ्य आहे, पण त्याला गैरसमजही बरेच चिकटले आहेत.

पहिला गैरसमज तर अ‍ॅपच्याही आधीचा. ‘कॅन्सर गेला, आता कसलं टेन्शन?’ केमो चालू असते तेव्हा घर, नातेवाईक, वॉर्डातल्या सिस्टर सगळे भोवती असतात. शेवटचं सलाइन निघालं की सगळे आपापल्या कामाला लागतात आणि मुलगा एकटा उरतो. वर्गातले सोबती दोन वर्षं पुढे गेलेले असतात. लग्नाचं बोलणं निघालं की आजार सांगायचा की लपवायचा, मूल होईल की नाही, आणि साधा ताप आला तरी तेच परत आलं का? लहानपणी कॅन्सर झालेल्यांचा अमेरिकेत वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ मध्येच काढलं. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली अशा तरुणांचा ‘उगम’ हा गटही चालतो.

आता अ‍ॅपकडे येऊ. बरीच अ‍ॅप सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घेतात. सगळ्यांत जास्त वापरली जाते ती ‘पीएचक्यू-९’. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण पडले तर पुढची तपासणी करावी, असा संकेत. ‘अ‍ॅपने नैराश्य दाखवलं’ असं लोक म्हणतात ते या आकड्यावरून. पण नऊ प्रश्न नीट वाचा. झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं हे त्यातले पाच. आणि हे पाचही कॅन्सरच्या उपचारांमुळेच होऊ शकतात. रक्त कमी असेल तर थकवा येतो. मानेवर रेडिएशन झालं असेल तर कित्येक वर्षांनंतरही थायरॉइड मंदावू शकतो, आणि त्याने माणूस सुस्त, उदास दिसतो. स्टेरॉइडने झोप आणि स्वभाव दोन्ही बिघडतात. या पाच प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण दिले की दहा होतात, मनात उदासी नसतानाही!

उलटी चूक जास्त महागात पडते. खरोखर खचलेल्या मुलाला घरचे ‘अशक्तपणा आहे, अंडी खा, होईल बरा’ म्हणतात आणि महिने निघून जातात. म्हणून त्या प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न मला सगळ्यांत मोलाचे वाटतात: कशातच रस वाटत नाही का, आणि मन खिन्न, निराश असतं का? शरीराच्या आणि मनाच्या लक्षणांची सरमिसळ होण्याची ही अडचण जुनीच आहे. शारीरिक आजार असलेल्यांसाठी १९८३ मध्ये मुद्दाम दुसरी प्रश्नावली तयार झाली. ‘हॅड्स’ नावाच्या त्या चौदा प्रश्नांत थकवा, भूक, झोप वगळलेली आहेत. अ‍ॅपवर ‘पीएचक्यू-९’चा आकडा दहा किंवा जास्त आला तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा आणि पुढच्या फेरीला कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगावं. आकडा डॉक्टरपर्यंत पोचला तरच त्याचा उपयोग.

‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर अ‍ॅपवर थांबायचं नाही. त्याच दिवशी माणसाशी बोलायचं.

मग अ‍ॅप कुचकामी का? तसंही नाही. कॅन्सरचे उपचार पूर्ण करून पाच वर्षं न झालेल्या १८ ते २९ वयाच्या ४५ जणांवर अमेरिकेत एका चॅटबॉटची चाचणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत चिंता थोडी उतरल्यासारखी दिसली, पण गट इतका लहान होता की खात्रीने काही सांगता येत नाही. दुसरी अडचण अशी, की लोक अ‍ॅप फोनवर घेतात आणि सोडून देतात. मनाच्या आरोग्याच्या ९३ अ‍ॅप्सच्या पाहणीत महिन्याभराने ती उघडणारे जेमतेम ३.३ टक्के उरले होते. आणि ‘वोबॉट’ हे गाजलेलं अ‍ॅप २०२५ मध्ये कंपनीनेच बंद केलं. ज्याच्याजवळ मन मोकळं केलं तेच एक दिवस उघडेनासं होतं.

जिथे फरक पडला तिथे मागे कुणीतरी माणूस होता, आणि त्याचे दाखले आपल्याच भागातले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी दारोदार जाऊन काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवलं. त्यांच्या सहा ते आठ भेटींनंतर, तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. त्यांनी मुख्यतः काय केलं? आवडीची, जमणारी छोटी कामं रोज ठरवून करायला लावली. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी स्मार्टफोनवर छोट्या फिल्म दाखवल्या, पण फोन हातात धरून गावातलाच माणूस शेजारी बसलेला होता.

अ‍ॅप आणि माणूस यांतला हाच फरक नागभीडला रोज जाणवतो. अ‍ॅप सांगतं, ‘पहाटे अर्धा तास फिरून या.’ घोडाझरीच्या आसपासच्या, ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांत पहाटे एकट्याने जंगलाच्या कडेला जाणं म्हणजे वाघाची भीती. ओळखीची आशाताई असा सल्ला देणार नाही. ती म्हणेल, रोवणी चालू असताना बांधीवर जाऊन बस, पेंढ्या मोजून दे, संध्याकाळी नाटकाच्या तालमीला ये. आजाराआधी तो काय आवडीने करत होता हे तिला ठाऊक असतं.

अ‍ॅपमधली माहिती डॉक्टरांसारखी गुप्तच राहते, हाही एक भाबडा समज. अमेरिकेत ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ कंपनीवर २०२३ मध्ये कारवाई झाली, कारण ग्राहकांची माहिती तिने जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली होती. ७८ लाख डॉलर भरावे लागले. लग्नाच्या बोलण्यात आजार उघड होईल म्हणून धास्तावलेल्या मुलीने खरं नाव आणि कॅन्सरचा तपशील अ‍ॅपमध्ये भरण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आणि ‘स्मार्टफोन नाही, मग काय उपयोग?’ असं वाटत असेल तर साध्या बटणांच्या फोनवरूनही १४४१६ हा क्रमांक लागतो. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येतं. नैराश्यावर गोळ्या घ्यायची वेळ आली आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर ते फोनवरही आणि डॉक्टरांनाही आधी सांगावं, कारण नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या काही गोळ्या त्याचं काम कमी करतात. दुसऱ्या गोळ्या आहेत, त्या लिहून देता येतात.