संगणक ‘हँग’ होतो तेव्हा

हिशेबाची वही, टंकलेखनयंत्र, टपालपेटी आणि दप्तराचे कपाट या सर्वांची कामे संगणक नावाच्या एकाच यंत्राने आपल्या अंगावर घेतली, त्याला आता बरीच वर्षे लोटली. त्यामुळेच हे यंत्र काम करता करता एकाएकी मुके झाले, म्हणजे समोर बसलेल्या मनुष्याची मोठी त्रेधा उडते. पडद्यावरील मजकूर जेथल्या तेथे थिजतो. कळ दाबावी तर अक्षर उमटत नाही. बाणाच्या जागी एक वर्तुळ गरगरत राहते. या अवस्थेला सर्वत्र ‘हँग होणे’ असे नाव पडले आहे. अशा वेळी बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. कोणी रागाने कळा बडवतो, कोणी थेट विजेचे बटण बंद करतो. पहिल्या उपायाने काही साधत नाही, आणि दुसऱ्याने जे वाचण्यासारखे असते तेही हातचे जाते.

प्रथम ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, अशा प्रसंगी बहुधा संपूर्ण संगणक अडलेला नसतो; त्यावर चाललेला एखादाच प्रोग्राम अडलेला असतो. संगणकावरील सर्व व्यवहारांवर देखरेख करणारी विंडोज ही प्रणाली खिडकी उघडणाऱ्या प्रोग्रामसाठी निरोपांची एक रांग राखते. कळ दाबली, माउस हलविला, की त्याची चिठ्ठी रांगेत पडते. प्रोग्रामने एकेक चिठ्ठी उचलावी, तीत सांगितलेले काम करावे आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळावे, असा हा क्रम चालतो. टपाल कचेरीतील एका खिडकीचा कारकून कोणाचे काम घेऊन आतल्या खोलीत गेला आणि परतलाच नाही, तर त्या खिडकीपुढची रांग जशी खोळंबते, तशीच ही चिठ्ठ्यांची रांग खोळंबते. कचेरी बंद पडलेली नसते. शेजारच्या खिडक्यांवर व्यवहार चालूच असतो. कळा बडवणे व्यर्थ का, हेही यावरून उमगेल. प्रत्येक ठोका ही रांगेतील आणखी एक चिठ्ठी होऊ शकते. आणि कारकून परतला की साचलेल्या चिठ्ठ्या एकामागून एक अमलात येतात.

किती खोळंबा झाला म्हणजे प्रोग्राम अडला असे समजावे? विंडोजचा हिशेब साधा आहे. पाच सेकंद प्रोग्रामने एकही चिठ्ठी उचलली नाही, तर ती त्याच्या खिडकीच्या जागी तिचेच एक फिकट चित्र उभे करते आणि मथळ्यात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’, म्हणजे ‘प्रतिसाद देत नाही’, असे शब्द घालते. पुष्कळांना या शब्दांचा अर्थ ‘प्रोग्राम मेला’ असा वाटतो. तो तसा नाही. पाच सेकंद उत्तर आलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उत्तर न येण्याची कारणे मुख्यतः तीन. कधी प्रोग्राम खरोखरच कामात गढलेला असतो. मोठी फाइल जतन करीत असतो, किंवा दूरच्या संगणकाकडून येणाऱ्या माहितीची वाट पाहत असतो. कधी त्याच्या रचनेतील चुकीमुळे तो घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच त्या सूचनांभोवती फिरत राहतो. आणि कधी एकाच प्रोग्रामचे दोन भाग परस्परांसाठी अडून बसतात. ‘आधी तू’, ‘नाही, आधी तू’ अशा त्या आग्रहात कोणीच पाऊल उचलीत नाही. पहिल्या प्रकारात थोडा धीर पुरेसा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात वर्षभर थांबले तरी उपयोग नाही. बाहेरून मात्र तिन्ही अवस्था एकसारख्याच दिसतात.

मग यंत्रालाच त्या ओळखता येऊ नयेत काय? ही अडचण यंत्राच्या दुबळेपणाची नाही. प्रोग्राम कोणताही असो, तो कधी तरी थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक बाबतीत अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे इंग्रज गणिती ॲलन ट्यूरिंग यांच्या १९३६ सालच्या निबंधापासून सिद्ध झालेले आहे. म्हणून यंत्रापुढे एकच मार्ग उरतो. घड्याळाकडे पाहावे आणि अंदाज करावा.

जेथे मनुष्य जवळ नसतो, तेथे या अंदाजावरच भिस्त ठेवावी लागते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ या अमेरिकन यानातील संगणक काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. कमी महत्त्वाचे एक काम सामायिक साधन धरून बसे, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या साधनावाचून खोळंबून राही. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही एवढेच पाहणारा एक पहारेकरी यानात नेमलेला होता. कारण शोधणे हे त्याचे कामच नव्हते; तो सारा संगणकच नव्याने सुरू करी. यान त्यामुळे वाचे, परंतु त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. खरे कारण कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी पृथ्वीवरील नमुन्यावर तोच दोष घडवून शोधले, आणि दुरुस्ती मंगळाकडे धाडली. घरातल्या संगणकासमोर मनुष्य बसलेला असतो. म्हणून विंडोज स्वतः घाव घालीत नाही. ती बातमी देते आणि निर्णय त्याच्यावर सोपविते.

हा निर्णय अमलात आणण्याची साधने मात्र सावकाश सोपी होत गेली. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळांचा संकेत होता. डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने तो बसविला होता, आणि चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्याला दोन्ही हात लागावेत अशी योजना केली होती. त्याने सारा संगणकच नव्याने सुरू होई. पुढे १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये अनेक प्रोग्राम एकत्र नांदत असत. पण प्रत्येकाने आपण होऊन दुसऱ्याला वाट द्यावी, अशी तेथे अपेक्षा असे, आणि एकाने वाट अडविली की सारेच अडत. १९९३ ची विंडोज एनटी आणि १९९५ ची विंडोज ९५ यांनी ही वाटणी बव्हंशी प्रणालीच्या हाती दिली. १९९६ च्या एनटी ४ बरोबर ‘टास्क मॅनेजर’ हे चालू कामांची यादी दाखविणारे साधन आले. आज कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्याने संगणक नव्याने सुरू होत नाही. एक यादी पुढे येते, आणि तीत टास्क मॅनेजरचे नाव असते.

आता प्रत्यक्ष उपाय. राजनीतीत जशी सामाने सुरुवात करून दंडाकडे जावे असे सांगतात, तोच क्रम येथे ठेवावा. प्रथम कळांना हात न लावता एकदोन मिनिटे थांबावे. मोठी फाइल उघडली वा जतन केली जात असेल, तर अधिक. नंतर खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी द्यावी, किंवा ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबाव्यात. ही प्रोग्रामला केलेली विनंती होय. तो थोडाही जागा असेल, तर काम जतन करावयाचे काय असे विचारतो. उत्तर आलेच नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. यादीत त्या प्रोग्रामपुढे डिस्कचा वापर दिसत असेल, तर तो बहुधा कामात आहे असे समजून आणखी थांबावे. नसेल, तर त्याचे नाव निवडून ‘एंड टास्क’ हे बटण दाबावे. ही विनंती नव्हे, आज्ञा आहे. विजेचे बटण काही सेकंद दाबून धरणे हा अगदी शेवटचा उपाय. कारण त्याने निरपराध प्रोग्रामही त्याच घावाखाली सापडतात. मॅकिंटॉश संगणकावर ऑप्शन, कमांड आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या असता अशीच यादी उघडते.

याहून सोपी सोय विंडोज ११ मध्ये २०२३ साली आली. सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात, ‘फॉर डेव्हलपर्स’ या पानावर (नव्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘ॲडव्हान्स्ड’ आहे), ‘एंड टास्क’ नावाची कळ एकदा चालू करून ठेवावी. मग पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर अडलेल्या प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी टिचकी दिली की बंद करण्याची आज्ञा तेथेच मिळते. ‘टास्ककिल’ ही आज्ञा वापरून पडद्यावर एक चिन्ह तयार करण्याचीही युक्ती प्रचारात आहे. त्यावर दोनदा टिचकी दिली की ‘प्रतिसाद देत नाही’ असा शिक्का बसलेले सर्व प्रोग्राम एकदम बंद होतात. युक्ती सोयीची खरी, पण ती वापरताना त्या पाच सेकंदांचा अर्थ विसरू नये. एक प्रोग्राम खरोखर अडलेला आणि दुसरा नुसताच कामात गढलेला असेल, तर ती दोघांनाही एकच शिक्षा देते. सुक्याबरोबर ओलेही जळते.

आणि जळते ते काय? प्रोग्राम पुन्हा उघडता येतो. त्याचे काहीच बिघडत नाही. जाते ते जतन न केलेले काम, कारण ते तोवर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असते आणि प्रोग्राम बंद होताच ती स्मृती मोकळी केली जाते. एखाद्या ग्रंथालयाच्या चिटणिसाने दुपारभर बसून लिहिलेला वार्षिक अहवाल एका टिचकीसरशी नाहीसा होतो, तो असा. वर्ड या लेखनाच्या प्रोग्राममध्ये दर दहा मिनिटांनी आपोआप नोंद ठेवण्याची व्यवस्था मुळातच असते. परंतु दहा मिनिटांत एक परिच्छेद सहज लिहून होतो, आणि जुळवून आणलेले वाक्य दुसऱ्यांदा तसेच सुचेल असा भरवसा नसतो. म्हणून मजकुराला अर्थपूर्ण विराम आला की कंट्रोल आणि एस या कळा दाबण्याची बोटांना सवय लावावी. ज्याचे काम जतन झालेले आहे, त्याला अडलेला प्रोग्राम बंद करताना भय वाटत नाही. आणि ज्याला भय नाही, तोच थांबावे केव्हा आणि घाव घालावा केव्हा, हे शांतपणे ठरवू शकतो.