हळदीचे वाण कसे ओळखतात?
अर्धापूरच्या शिवारात केळीसोबत हळदही मोठी, आणि तिच्यात सेलम हा वाण आघाडीवर. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ‘कुर्कुमा लाँगा’ असे नाव दिलेली हळद त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली आहे. पेशीत 63 गुणसूत्रे. त्यामुळे बी क्वचितच धरते आणि लागवड गड्ड्यांनीच होते. तरीही वाणांतले वैविध्य थक्क करणारे आहे. राजापुरीची हळकुंडे आखूड, जाड; कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने दिलेल्या कृष्णाची लांब, प्रमाणबद्ध; वर्धा जिल्ह्यातली वायगाव लवकर काढणीला येते. पानांची रुंदी, पेऱ्यांतले अंतर, मोडलेल्या हळकुंडाच्या गाभ्याचा रंग, पिकाचा कालावधी आणि कुर्कुमिन या पिवळ्या रंगद्रव्याचे प्रमाण यांवरून वर्गवारी ठरते. माती-पाण्याने ही लक्षणे बदलतात, म्हणून नुसत्या रंगावरून बेणे घेऊ नये. वाणाची खात्री करूनच घ्यावे.